बियाण्यापुरती चरकी

माय, परवा नातवाने विचारलं, शहाणी माणसं मुद्दाम वेळखाऊ पद्धत का धरून बसतात? मी त्याला तुझी चरकी सांगितली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझा तो विजय मी अजून सांगत सुटते.

चुलीच्या बाजूला तू बसली आहेस. एका हाताने लाकडी चरकी फिरवतेस, दुसऱ्याने कापूस सरकवतेस. पलीकडे रुई जाते, अलीकडे सरकी पडते. पहिल्या वेचणीचा निवडक कापूस, फक्त बियाण्यापुरता. बाकीचा गाड्या भरून भैंसा गावच्या जिनिंग कारखान्यात जातो. बाबा गेल्यापासून घर काकांच्या हाती. ते दारात उभे राहून म्हणतात, "वयनी, जिनात घटकाभराचं काम, तुमी हिवाळाभर काऊन करून राह्यल्या? पुढच्या साली हे चुलीत."
तू मान वर केली नाहीस. "भाऊजी, जिनात साऱ्या गावाचा कापूस एक होते. वापस येते ते सरकी कोनाची? अर्धी तं फुटेल राह्यते. बी बिघडलं तं पेराचं काय?"
शेवटी ठरलं, निम्मं वावर जिनच्या सरकीवर, निम्मं तुझ्या. हरलीस तर चरकी जळणार.

त्याच हिवाळ्यात हैदराबाद राज्य तुटलं. आम्ही आंध्रात, मामाचं गाव मुंबई राज्यात. शाळेत मराठी गुरुजींच्या जागी तेलुगू गुरुजी आले. मामाकडून बी मागवावं, तर नाक्यावर कोणती गाडी अडवतील कुणालाच ठाऊक नव्हतं. जे घरात होतं तेच पेरायचं होतं.

उगवण झाली आणि तू मला वावरात नेलंस. तुझ्या ओळींत कुठे खंड नाही! काकांच्या बाजूला एक रोप उंच, एक बुटकं, मध्ये नुसती माती. मला हसू फुटू लागलं. तेवढ्यात काका रिकामी टोपली घेऊन आले. "वयनी, सरकी उरली का? मधात जागा खाली राह्यल्या, नांग्या भराच्या हायेत."
तू टोपली भरून दिलीस आणि मला दटावलंस, "हसू नोको. मान ठेव त्याईचा."
पुढच्या हिवाळ्यात चरकीला तेल काकांनीच घातलं. जिन किती झपाट्याने चालतं हे तुलाही ठाऊक होतं. त्या झपाट्यात काय हातचं जातं, तेही तू ओळखलं होतंस.

हे पत्र कुठे टाकू? ठेवून देते. एवढंच सांगायचं राहिलं होतं: त्या दिवशी मी हसले होते, माय. नाल्यात लपून, पोट दुखेस्तोवर. अन् आताही हसून राह्यली.