जात्यावरची भाकरी

निपाणी
१२ जून २०२५

चि. जोतिबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. कोंबडीनं पाय ओढल्यासारखं दिसतंय ते अक्षर तुझ्या आक्काचंच आहे, डाव्या हाताचं. कागद सरकू नये म्हणून त्यावर वरवंटा ठेवलाय. व्यायामाच्या मॅडमनी रोज पानभर लिहायला सांगितलंय, तेव्हा म्हटलं, भावाला चार शब्द सुनावू. फोन मात्र करू नकोस. अर्धांगाचा झटका आल्यापासून जीभ जड पडलीय. मी बोलते ते तुला कळत नाही आणि तू नुसता व्हय व्हय म्हणतोस. परवा मी विचारलं, पेरणी झाली, का बायकोनं घराबाहेर काढलंय, तर त्यालाही तू व्हय म्हणालास.

तब्येत सुधारतेय. काठी न घेता परसापर्यंत जाते. उजवा हात खांद्यातून हलतो, कोपरात थोडा वाकतो, पंजा मात्र पाहुण्यासारखा मांडीवर बसून असतो. वेणी शेजारची मालुबाई घालते, भाकरीही तीच आणून देते. प्रेमानं देते रे, पण दुसऱ्याच्या हातची भाकरी खाताना घास फिरतो.

विक्रमनं पुण्याला चल म्हणून धोशा लावलाय. त्याचं म्हणणं, गौरी-गणपतीपर्यंत बघू, तोवर तुला तुझं करता आलं नाही तर घराला कुलूप. पोराचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण मला इथंच राहायचंय. गौर येते त्या संध्याकाळी शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य असतो, आणि लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ती भाकरी मीच थापलीय. यंदाही थापणार. जमलं तर मी इथं राहणार, नाही जमलं तर निमूट गाडीत बसणार, असं मी त्याला कळवलंय आणि त्यानंही कबूल केलंय.

पीठ मळायचं जमलं. परात सरकत होती, तर आपण डोक्यावर घागर घेताना घालायचो तशी चुंबळ केली, ओली करून परातीखाली ठेवली. परात जागची हलत नाही. पण थापायचं कसं? एका हातानं थापावी लागते आणि दुसऱ्यानं फिरवावी लागते. तू बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडाचे साचे करतोस ना, मग डोकं चालव. दोन हातांचं काम एका हातानं कोण कोण करतं ते जरा बघत जा आणि मला कळव.

लोभ आहेच. तो पत्रातून कळू दे, फोनवरून नको.
तुझी आक्का,
जयाबाई


उचगाव
२१ जून २०२५

ती. आक्कास,
जोतिबाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडलो, मग हसलो. बायकोनं घराबाहेर काढलेलं नाही, पण तुझं पत्र वाचून दाखवल्यापासून तिला कल्पना चांगली वाटायला लागलीय.

तू सांगितल्यापासून माझे डोळे एका जागी ठरेनात. आमच्या कंपनीच्या दारातला चहावाला तारेच्या जाळीत सहा ग्लास घालून एका हातानं जिना चढतो. इतकी वर्षं त्याच्या हातचा चहा प्यालो, पण ती जाळी कधी बघितलीच नव्हती. काल गॅसवाला आला. भरलेलं सिलिंडर तो उचलत नाही, तिरकं करून कडेवर फिरवत फिरवत आत नेतो. मी त्याला थांबवून परत एकदा करून दाखवायला लावलं. त्याला वाटलं, मी काहीतरी तक्रार करणार.

त्यावरून सुचलं. भाकरी फिरवायला हात नसेल तर परातच फिरायला हवी. लगेच कामाला लागलो. ट्रकचं बेअरिंग, त्यावर पोलादी चकती, खाली चार रबरी पाय. बोट लावलं तरी भिंगरीसारखी फिरते. आमच्या खात्यातला नागोजी म्हणाला, बहिणीसाठी एवढं झकास, मग कंपनीचं काम असं का न्हाय करत? मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सोमवारच्या बसनं पाठवतोय. गौरीची वाट बघायची गरजच नाही, या आठवड्यातच भाकरी थाप.

हिचा नमस्कार. तुझी माया अशीच पाठीशी राहो.
तुझा,
जोतिबा


निपाणी
४ जुलै २०२५

चि. जोतिबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं यंत्र मिळालं. पहिल्याच थापेला ते असं गरकन फिरलं की गोळा चकतीवरून उडाला. तो सापडला फ्रिजखाली. दुसऱ्यांदा मी जपून थापलं, तर भाकरी एका बाजूला पापडासारखी आणि दुसऱ्या बाजूला रोटासारखी झाली. बेअरिंगला थांबायचं माहीतच नाही. उंटावरून शेळ्या हाकतोस, दुसरं काय! एकदा उजवा हात पाठीमागं बांधून स्वतः भाकरी थापून बघ, मग मला साधनं पाठव.

हसण्यावारी नेते आहे, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. त्यात मालुबाई आली. तिचं मन वाईट नाही, पण तोंडाला कुलूप नाही. तिचं म्हणणं, समजा डाव्या हातानं जमली, तरी डाव्या हातची भाकरी गौरीला कशी चालंल गं, तुझ्या नावानं मी थापून देते की. देवाला डावं-उजवं कळतं की नाही, मला माहीत नाही. पण मला कळतं, जोतिबा. आयुष्यभर ज्या हातानं दिलं, तो हात गौरीपुढं नुसता मांडीवर पडून राहणार, हे मला सोसवेना.

तेव्हा आता मागणं वाढलंय. भाकरीला उजवा हात लागलाच पाहिजे. कसा, ते मलाही ठाऊक नाही. मी शोधते, तूही शोध.

रागावले तरी माया कमी नाही, हे तुला सांगायला नको.
तुझी आक्का


पुणे
१६ जुलै २०२५

ती. आईस,
विक्रमचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या हट्टापायी घरात पेन शोधावं लागलं. शाल्मली म्हणते, यानं मला लग्नाआधीही कधी पत्र लिहिलं नाही.

आई, तू माझ्यावर चिडलेली आहेस हे मामांच्या बोलण्यातून कळलं. पण माझी बाजूही ऐक. मार्चमध्ये तू स्वयंपाकघरात पडलीस आणि मालुमावशी ताक मागायला आल्या म्हणून कळलं. त्यांना त्या दिवशी ताक लागलं नसतं तर? मी ऑफिसात बसलेलो असतो आणि एकदम हा विचार येतो. मग समोरच्या माणसाचं बोलणं ऐकूच येत नाही. तुला घरातून उपटून आणायची मला हौस नाही. मला भीती वाटते, एवढंच आहे.

भाकरीचं आपलं ठरलंय ते मी मोडणार नाही. मात्र तयारीनं येणार आहे. गौरीच्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघं पोहोचू. भांडी भरायला खोकी घेऊन येतो. इथली मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय, तिथं सकाळचं ऊन येतं. जिद्दीच्या भरात हात मात्र भाजून घेऊ नकोस.

शाल्मलीचा नमस्कार. तुझा लोभ आहे तो असाच राहावा.
तुझा,
विक्रम


निपाणी
३० जुलै २०२५

चि. जोतिबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

विक्रमचं पत्र सोबत पाठवते, वाचून परत कर. वाचताना माझे डोळे भरून आले. तो खोकी घेऊन येणार आहे. येऊ दे.

आता महत्त्वाचं. काल नागपंचमी. चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून सराव बंद होता आणि मी मागच्या दाराशी नुसती बसले होते. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तिथं आपल्या आईचं डाळ भरडायचं लहान जातं लावून ठेवलंय. रोज त्याला ठेचकाळते, पण काल पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. अरे, जातं ढकलू तेवढंच फिरतं. हात थांबला की तेही थांबतं. तुझ्या बेअरिंगला जे कळत नाही ते या धोंड्याला कळतं!

आज सकाळी मालुबाईकडून ते आत घेतलं. वर ताटली ठेवली, ताटलीत गोळा. उजवं मनगट जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खुंट्याला बांधलं आणि खांद्यातून ढकललं. फिरलं, जोतिबा! चार बोटं फिरलं, पण माझ्या उजव्या हातानं फिरलं. डाव्या हातानं मी थापलं, परत ढकललं, परत थापलं. पुढं मात्र दोन अडचणी आल्या. दगड जड आहे, खांदा भरून येतो. आणि खुंटा लांब गेला की हात तिथवर पोचत नाही, अर्ध्या वाटेत सगळं अडतं. तिथं मी रडले. दुःखानं नाही, संतापानं.

दगडाचं मला सुचलंय. आई डाळ भरडायची तेव्हा मधल्या खिळीला चिंधी गुंडाळायची, आठवतं? चिंधीनं वरचा दगड उचलला जायचा आणि जातं हलकं व्हायचं. तर तू मला लाकडाचं जातं कर, मधे खीळ आणि खिळीला चिंधी. चिंधी खिळीवर घट्ट केली की धरून ठेवल्यासारखं जड, सैल केली की हलकं, ते माझं मी बघीन. खुंट्याचं काय करायचं ते तू शोध. लोखंडातलं तुझं शहाणपण गुंडाळून ठेव आणि गावातल्या रस्त्यावर बघत हिंड.

तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांध. कामाला लाग, आशीर्वाद पाठीशी आहेत.
तुझी आक्का


उचगाव
१३ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास,
जोतिबाचा शि. सा. न. वि. वि.

उजवा हात पाठीमागं बांधून भाकरी थापून बघितली. हिनं, लेक तेजस्वीनं आणि शेजारच्या दोघींनी दारात उभं राहून बघितलं. माझ्या भाकरीला म्हशीनंही तोंड लावलं नाही. पण तुझं म्हणणं पटलं. मी तुझ्यासाठी यंत्र केलं होतं, तुझ्या हातासाठी केलं नव्हतं.

खुंट्यासाठी आठ दिवस वेड्यासारखा हिंडलो. शेवटी मिळालं ते बेळगावात, उसाच्या रसाच्या गाड्यावर. चरकाच्या चाकाला चारी बाजूंनी दांडे असतात ना? रसवाला हात गोल फिरवत नाही. एक दांडा ओढतो, तोवर दुसरा त्याच्या हातात येतो. हात जागच्या जागी, फिरतं ते चाक. मी तिथं तीन ग्लास रस प्यालो आणि बघत राहिलो.

तर तुझ्या जात्याला एक खुंटा नाही, कडेनं आठ खुंट्या ठोकल्यात. मनगट बांधायची गरज नाही. खांद्यातून पुढं लोटलं की एक खुंटी जाते, हात आपल्या वजनानं मागं येतो, तोवर दुसरी खुंटी येऊन थांबलेली असते. लाकूड सागवान, साच्यांतून उरलेलं, मालकांना विचारूनच घेतलंय. खुंट्यांची टोकं तेजस्वीनं घासून गुळगुळीत केली. चिंधी तुझी तू घाल, कारण ती किती घट्ट हवी हे तुझ्या खांद्यालाच कळणार.

यात माझं डोकं फारसं नाही. आईचं जातं, रसवाल्याचं चाक आणि तुझा हट्ट. मी नुसता सुतार.

गौरीला आम्ही येणार नाही, मुद्दाम. आम्ही आलो तर ही तुला मदत करायला धावेल. तुझा आशीर्वाद मात्र टपालानं येत राहू दे.
तुझा,
जोतिबा


निपाणी
२३ ऑगस्ट २०२५

चि. जोतिबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोनच ओळी, कारण हाताला काम आहे. तुझं जातं फिरतं आणि थांबतं. चिंधी मी तीनदा बदलली. भाकरी आता गोल होते, पण तव्यावर टाकताना मोडते, कारण उचलायला पुन्हा दोन हात लागतात. त्यावर उपाय म्हणून केळीचं पान वापरून बघतेय. पानावरच थापायची, डावा हात पानाखाली घालून भाकरी तव्यावर पालथी करायची आणि पान सोलून काढायचं. काल एक नीट पडली, चार मोडल्या. मोडलेल्या मालुबाईच्या शेळीनं खाल्ल्या, ती आता दारातून हलत नाही.

दिवस थोडे उरलेत. मी मागं हटणार नाही.
तुझी आक्का


निपाणी
५ सप्टेंबर २०२५

चि. जोतिबास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू फोन केला नाहीस, याबद्दल शाबासकी. आता सगळं सांगते.

गौरीच्या दिवशी दुपारी विक्रम आणि शाल्मली आले. गाडीतून घडी केलेली खोकी काढली आणि सोप्यात भिंतीला टेकवून ठेवली. संध्याकाळी मालुबाईनं आणि शाल्मलीनं गौर घरात आणली. भाजी मी आधीच करून ठेवली होती. मग जात्यापुढं बसले. सगळे दारात उभे राहिले, लग्नाला जमल्यासारखे.

पहिली भाकरी मोडली. दुसरी थापायला घेतली, तेव्हा खांदा थरथरायला लागला आणि खुंटी सुटली. विक्रम पुढं आला. त्याचा हात जात्याकडं जाणार, तेवढ्यात शाल्मलीनं त्याची बाही धरून त्याला मागं ओढलं. सुनेचं ते मागं ओढणं मी जन्मभर विसरणार नाही. मी दम खाल्ला, मनगट परत खुंटीला लावलं. लोटलं, थापलं. लोटलं, थापलं. पान उचललं, तव्यावर पालथं केलं, सोललं. भाकरी अख्खी पडली आणि फुगली सुद्धा. मालुबाई वाकून माझ्या उजव्या हाताकडं बघत होती. दोन्ही हात लागलं की गं जया, एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. नैवेद्याचं ताट तिनंच माझ्या पुढ्यात आणून ठेवलं.

जेवताना विक्रमनं तिसरी भाकरी मागितली, ती मी मुद्दाम त्याच्या देखत थापली. दुसऱ्या दिवशी त्यानं मालुबाईला घराची जादा किल्ली दिली. तिनं सकाळी आणि दिवे लागल्यावर माझ्याकडं डोकवायचं, असं दोघांनी ठरवलं. मला विचारलं नाही, पण ते मी ऐकून घेतलं. त्याच्या भीतीलाही कुठंतरी जागा हवी. जाताना खोकी रिकामी न्यायची नव्हती, म्हणून त्यांत शेंगदाण्याची चटणी, काकवी आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या भरून दिल्या. गाडी वळेपर्यंत मी दारात उभी होते, काठी न घेता.

तुझं बेअरिंग पुढच्या बसनं परत पाठवतेय. नागोजीला दे, त्याच्या उपयोगी पडेल.

आणि एक सांगायचं राहिलं. खोक्यांतलं एक मी विक्रमला नेऊ दिलं नाही. ते पालथं घातलं, पुढची बाजू विळीनं तिरकी कापली, वर धुण्याचे दोन चिमटे लावले. आता कागद सरकत नाही, वरवंटा लागत नाही, आणि उजवा हात त्यावर नीट टेकून बसतो. हे पत्र त्यावरच लिहिलंय. अक्षर सुधारलंय का, ते कळव.

उत्तराची वाट बघते, याच घरात.
तुझी आक्का,
जयाबाई