भगतपणातून सुटण्यासाठी अटक मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, हिंगोली, जिल्हा परभणी.

विषय: अर्जदारास अमावास्येपूर्वी पकडून नेणेबाबत.
संदर्भ: मागील अर्जावरील शेरा, "देवकार्यात सरकार दखल देत नाही."

महोदय,

अर्जदार संतराम वल्द ग्यानबा, मौजे खडकवाडी, हा चार सालांपासून हिंगोली ते वसमत व परत या सायकल शर्यतीत उतरतो. दम भरपूर आहे, पण परतीला औंढ्याच्या चढावर पाय जवाब देतात. गेल्या साली अर्जदार सायकल खांद्यावर घेऊन चढला आणि सारी सडक हसली.

तालमीच्या वस्तादाने सांगितले की नुसती सायकल हाणून मांड्या भरत नाहीत, वजन ओढ. घरात वजन म्हणजे बैलगाडी. अर्जदाराने कमरेला दोर बांधून रोज पहाटे रानात एक गाडी ओढली, मग दोन, मग तीन. दोराने कंबर सोलवटली, म्हणून बायको शालूबाईने अंगभर हळद चोळली. तिथेच घात झाला.

पिवळाधमक माणूस एकटा तीन गाड्या ओढतो हे पाहून गावाने हातच जोडले. खंडोबाच्या जत्रेत बारा गाड्या ओढणारे भगत किसनराव, यांचे गुडघे एकतीस सालांत गेलेले. आपल्या जागी नवा भगत मिळाला म्हणून ते अर्जदाराच्या गळ्यात पडून रडले. अर्जदार सांगून थकला की हे सायकलीपायी आहे. पाटील माणिकराव म्हणतात, "देव कशापायी बोलावतो ते तुला काहून कळावं?"

येत्या अमावास्येला अर्जदारास भगताची हळद लागणार आहे. ती लागली की गाड्या ओढेपर्यंत शीव ओलांडता येत नाही, आणि शर्यत नेमकी जत्रेच्याच दिवशी, चंपाषष्ठीला. पुढे गुडघे जाईस्तोवर सुटका न्हाई. परवा गाड्या जोडून पाहिल्या, तेव्हा अर्जदाराने मुद्दाम जोर लावला नाही. तरी गाड्या चालल्या, कारण मागून सारं गाव लोटून राहिलं होतं.

सबब अर्जदार कबूल करतो की त्याने हिंगोलीच्या बाजारात तीनदा बिनबत्ती सायकल चालवली. या गुन्ह्यापायी जवान धाडून त्याला चारचौघांत पकडावे. सायकल मुद्देमाल म्हणून सोबत न्यावी, चाकांत हवा भरून ठेवली आहे. चंपाषष्ठीला सकाळी शर्यतीच्या जागी दोघांना सोडावे. सरकारने नेलेल्या माणसाला गाव बोल लावणार नाही.

उशीर मात्र करू नये. काल पुन्हा गाड्या जोडल्या, लोकांनी येळकोट केला आणि अर्जदाराने खरा जोर लावला. का लावला, हे त्याचे त्याला कळेना. अमावास्येनंतर जवान आला तर हाच अर्जदार त्याला माघारी जा म्हणेल. तेव्हा त्याचे ऐकू नये.

आपल्या कोठडीची वाट पाहणारा,
संतराम वल्द ग्यानबा
कार्तिक वद्य १०, फसली १३४६ (सन १९३६)

सोबत: बिनबत्ती सायकलीचा कबुलीजबाब, सहीनिशी.