पाच मिनिटांनंतरची रेघ

वागुर, १६ नोव्हेंबर

प्रिय मार्यून,

तुम्ही सगळे बरे असाल. इथेही बरं चाललंय. मेंढ्यांचं मांस वाळायला टांगून झालं, छपराची गळती तुझ्या नवऱ्याने, हानुसने बुजवून दिली. तू चार घरं सोडून राहतेस, तरी पत्र लिहितेय, कारण समोर आले तर हातात येईल ते फेकून मारीन.

दोन तारखेच्या रविवारी मी गरोदरपणाची चाचणी केली. उठल्यावरची पहिली लघवी, आधी घोटभर पाणीही नाही, घड्याळ समोर. पाच मिनिटं झाली. एकच रेघ. कांडी डब्यात टाकली आणि चर्चला गेले. संध्याकाळी जेवायला आलीस आणि माझ्या न्हाणीघरातला कचरा आवरायला घेतलास. कुणी सांगितलं होतं?

अकरा वर्षं औषधांच्या दुकानात मी घसा कोरडा करून सांगते, दहा मिनिटांनंतर कांडीकडे बघू नका, वाळताना कधीकधी दुसरी फिकट रेघ उमटते, ती खरी नसते. आणि माझ्या सख्ख्या बहिणीने नऊ तासांनी ती कांडी उचलली, रुमालात गुंडाळली, आणि मंगळवारी विणकामाच्या क्लबात केकशेजारी मांडली! मला एका शब्दाने न विचारता!

बुधवारी तुमच्या क्लबातली बिला दुकानात सगळ्यांसमोर ओरडली, "सुन्वा, कॉफी सोड आता! मी पिवळी लोकर घेतलीय, मुलगा होवो नाहीतर मुलगी!" गुरुवारी हानुसने याकुपच्या बोटीवर फोन केला. त्याच्या पोटात तरी काही राहतं का?

मग याकुपचा फोन आला. माझा नवरा, मासा गळाला लागला तरी न बोलणारा माणूस, बॅरेंट्स समुद्रातून हुंदके देत होता. "खरंय का गं?"

मी हो म्हणाले.

हो, मी. कारण आदल्या संध्याकाळी तू ती कांडी परत आणलीस, "बघ, मी खोटं बोलते का?" म्हणालीस. तू गेल्यावर मी ती खिडकीपाशी धरली. दुसरी रेघ दिसली. सगळं माहीत असून मी तिच्यावर विश्वास ठेवला. सहा वर्षं वाट बघून माझी अक्कल गहाण पडली होती. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. पण म्हणून तुझ्यावरचा कमी झालेला नाही.

गेल्या सोमवारी पुन्हा नीट चाचणी केली. एकच रेघ. गुरुवारी पाळी आली. दुकानाच्या मागच्या खोलीत रडले, तोंड धुतलं, आणि बाहेर येऊन चाचणीची कांडी घ्यायला आलेल्या एका मुलीला सांगितलं की घड्याळ लावून बस.

याकुप शुक्रवारी धक्क्यावर उतरेल. त्याला मी सांगेन, ते खोटं माझं आहे. क्लबातल्या बायकांना तू सांगायचंस, या मंगळवारी, केक कापायच्या आधी. मी तुझ्या शेजारीच बसलेली असेन आणि तुझ्या मदतीला एक शब्दही बोलणार नाही.

अजून तरी तुझीच बहीण,
सुन्वा