मास्तरांचा पंप आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे कोणी उरलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या मुलास मिळाव्यात. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही.

२. माझी पुस्तके माझ्या विद्यार्थिनीस द्यावीत. ती आता कृत्रिम हृदये बनवते. मी शिकत होते तेव्हा असले यंत्र कपाटाएवढे असे आणि रुग्ण त्याला दावणीला बांधल्यासारखा. पुढे ते मुठीत मावू लागले. तसाच एक पंप माझ्या यजमानांना बसवला. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही. तो पंप रक्त सलग ढकलतो, ठोका देत नाही. सवयीने मी त्यांचे मनगट धरले की म्हणत, "डॉक्टरीणबाई, शोधू नका. नाडी नाही, पण भूक लागली आहे."

३. मास्तरांच्या छातीतून काढलेला तो पंपही तिलाच द्यावा. पुढचे हृदय वायरशिवाय चालेल, जन्मभर टिकेल, असे ती म्हणते. टिको. पण ते कधी थांबवायचे आणि कोणी, हेही तिने आधीच ठरवावे. आमची पिढी फक्त चालू करायला शिकली.

४. माझ्या रुग्णालयातील माजी विभागप्रमुखांस काहीही देऊ नये. "असल्या खेळण्यांवर माणूस किती दिवस काढणार?" हे ते मास्तरांच्या खाटेपाशी, मास्तरांना ऐकू जाईल असे बोलले होते.

५. मुलास एवढेच. मास्तरांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मेंदू गेला, पंप फिरत राहिला. तू म्हणालास, "आई, बाबांचा हात गरम आहे गं."

"तो पंप आहे रे. बाबा गेले."

"मग थांब ना थोडं. एवढी कसली घाई?"

संध्याकाळपर्यंत थांबले. मग माझ्या हाताने बंद केला; परक्याला हात लावू देववला नाही. तू खोलीबाहेर गेलास, तो पुन्हा घरी आला नाहीस. तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. आणि नंतर तशीच रडेन. ते तू पाहिले नाहीस.

६. वारसाने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात. चालले असते, तर तेवढ्या निमित्ताने तुला बोलावले असते. शेजारचे शिंपीकाका आत्ता तुझ्या खुर्चीत बसून सही करत आहेत.

साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), मास्तरांची शुश्रूषा केलेल्या परिचारिका (सही)
ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
तारीख: आजची, रविवार
लिहून देणार: तुझी आई (सही)