वरच्या तळ्यातले बेडूक

४ एप्रिल, सोमवार
वरच्या तळ्याकाठी अकरा बेडूक मेलेले. पोट वर, पाय ताणलेले. अंगावर ओरखडा नाही! बगळा शेजारीच उभा होता — एकालाही चोच लावली नाही त्यानं.

घरून नेलेलं पाणी नेहमीसारखं तळ्यात सोडलं, हात जोडले. उन्हाळ्यात दर सोमवारी घरामागच्या तळ्यातलं कॅनभर पाणी वर न्यायचं, मुक्या जिवांसाठी — आईनं लावून दिलेला नेम. बायको दारातून हसते, "निघाली स्वारी डोंगराला पाणी पाजायला! ढेकर देईल हो एक दिवस." हसू दे.

७ एप्रिल
आज अठ्ठावन्न.

९ एप्रिल
जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मुलीच्या वयाच्या, पण नजर करडी. कातडीचा रोग आहे म्हणाल्या, पाण्या-चिखलातून पसरतो. बूट औषधात बुडवल्याशिवाय कुणी वर पाऊल टाकायचं नाही.

साहेबांनी विचारलं, "अभयारण्यात बाहेरचं कोण येतं?" माझ्या तोंडून निघून गेलं — मेंढपाळ. मेंढरांच्या खुरांना खालचा चिखल असतोच. तसं लिहूनही दिलं. वनरक्षकाचं कामच ते. खोटं काही लिहिलं नाही.

११ एप्रिल, सोमवार
बूट दोनदा बुडवले. वरच्या तळ्यात आता वाचवण्यासारखं काही नाही. म्हणून कॅनमधलं पाणी अभयारण्यातल्याच मधल्या आणि पलीकडच्या तळ्यात निम्मं निम्मं वाहिलं. देवा, ही दोन तरी राख.

१३ एप्रिल
मेंढपाळाचा चराईचा परवाना रद्द झाला. नाक्यावर गाठलं त्यानं.

"दादा, पावसात माझ्या पालाखाली बसून चहा प्यायलात. पोटावर पाय देताना तो आठवला नाही?"

म्हटलं, नियम आहे बाबा.

"बेडूक मेले तर मेंढरं दिसली. मेंढरं मेल्यावर कोण दिसेल?"



१६ एप्रिल
संध्याकाळी वर बसलो. एरवी बेडकांच्या ओरडण्यात आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायचा नाही. आज गवताला गवत घासलेलं ऐकू आलं. चिलटांचे ढग उठलेत — त्यांना खाणारं कुणी उरलं नाही. हरणं पाण्याला तोंड लावतात अन् लगेच मान वर करतात. कशाला भितात?

मधल्या तळ्यात मात्र आवाज होता. तेवढाच आधार.

१९ एप्रिल
बाईंचा फोन. "काका, मेंढरांच्या खुरांवर काहीच सापडलं नाही. रोग तुमच्या घरामागच्या तळ्यात आहे, यंदाच शिरलाय. तिथले बेडूक तो अंगावर घेऊन जगतात, वरच्यांना सोसत नाही. खालचं पाणी कुणी वर नेतं का हो?"

"बघतो," म्हणालो. बघतो!

२० एप्रिल
मधलं तळंही गप्प. पलीकडे जायला पाय उचलला नाही.

आधी मेंढपाळाकडे जातो. मग साहेबांकडे. कॅन बरोबर घेतलाय.