दादाला दुकानातून आणायला गेले तेव्हा

बाबा, परवा मी तुमच्या जुन्या वाटेनं फिरून आले. मेहकरच्या स्टँडवर लोणारकडे जाणारी गाडी धरली, फाट्यावर उतरले, गावात पायी गेले, परत फाट्यावर आले, पुन्हा गाडी धरली. एप्रिलचं ऊन, तोंडाला दुपट्टा बांधलेला, आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारणं, दारूचं दुकान कुठं आहे? एका म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुले काय कराचं हाय वं दुकानाचं?" भावाला शोधतेय म्हटलं, तर तिनं पुढचं काही न विचारता हात करून रस्ता दाखवला. बायांना हे कारण लगेच कळतं. तुम्ही लोकांचे नवरे आणि लोकांची पोरं शोधत या वाटेवर चपला झिजवल्यात. मी तुमचा मुलगा शोधत होते, आणि रस्ताभर तुमच्याशी भांडत होते. ते बहुतेक तोंडानंच चाललं असावं, कारण कंडक्टरनं मागे वळून विचारलं, "ताई, मले काई म्हनलं का?"

काल दादाच्या पोरीचं लग्न झालं. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती. परवा सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात हळदीची तयारी, आणि दादाचा पत्ता नाही. वहिनीनं आता वाट पाहणंच सोडलंय. "यील तवा यील," म्हणाली आणि पाटावर बसून लसूण सोलायला लागली. पोरीनं मात्र मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. डोळे भरलेले, पण आवाज अगदी सरळ. म्हणाली, "आत्या, पिऊन आले तरी चालन, पन बाबा आले पाह्यजेत. त्यायच्याबिगर मी मंडपात नाही जात." बाबा, तुम्हाला सारा मुलूख गुरुजी म्हणायचा. विहारातलं तुमचं भाषण ऐकायला दुसऱ्या गावची माणसं यायची. पण पिऊन आला तरी चालेल, पण ये, एवढं तुम्हाला जन्मात म्हणता आलं नाही. ते त्या पोरीला आलं. मी पर्स उचलली आणि निघाले.

मला ही दारूची गावं कशी माहीत, ते तुम्हाला सांगायला नको. बाजाराच्या दिवशी शाळा सुटली, की तुम्ही घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायचात, छत्री घ्यायचात आणि मला म्हणायचात, "चप्पल घाल." तेव्हा दारूच्या दुकानाला सगळे भट्टीच म्हणत. तुम्ही आत पाऊल टाकायचा नाहीत. दारात उभं राहून वर्गात हजेरी घ्यावी तशी हाक मारायचात, आधी नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. निम्मी गिऱ्हाईकं तुमच्याच हाताखालून गेलेली. मिशा पिकलेले बापे "हजर गुरजी" म्हणत गोणपाटाच्या पडद्याआडून बाहेर यायचे. तुमचा नियम होता, वाटेत एक अक्षर बोलायचं नाही. घरी पोचवायचं, बाईला सांगायचं की आधी जेवू घाल, काय बोलायचं ते सकाळी बोल. अजूनही लोक ही गोष्ट हसत हसत सांगतात, आणि सांगता सांगता त्यांचे डोळे ओले होतात. मला हसू येत नाही. दारात लहान पोरगी उभी असली की प्यालेला माणूससुद्धा शिवी गिळतो, म्हणून तुम्ही मला नेत होता. आईनं विचारलं होतं, "पोरीले काऊन नेता तथी?" तुम्ही म्हणालात, "तिच्यामुळं लोक सुधरतात." लोक सुधरले असतील. मी आता खामगावला नर्स आहे, इतकी वर्षं वॉर्डात काढली, रक्त-पू सगळं पाहिलं, पण तो वास आला की अजून मी आधी खिडकी उघडते. माझं काय होतंय हे तुम्ही एकदाही विचारलं नाही.

पहिलं दुकान फाट्यावरचं, देशीचं. लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी, बाहेर फुटाणेवाल्याचा गाडा. मालक ओळखीचा निघाला. म्हणाला, "आलते ना सकाळी. पन बसले नाई ताई. क्वार्टर घेतली न् गाडीत चढले. पोरीचं लगन हाय म्हनून सगळ्यायले पेढे वाटले त्याईनं." मी म्हटलं, इथं पेढे वाटले? "हाव. मले बी देल्ला." त्यानं गल्ल्यापाशी ठेवलेला पेढा दाखवला, अजून खाल्ला नव्हता. पोरीच्या लग्नाचा आनंद सांगायला ज्या माणसाला दारूचं दुकान सोडून दुसरी जागा नाही, त्याच्यावर रागवायचं तरी कसं? म्हणून मी पुन्हा तुमच्यावरच रागावले.

कारण सुरुवात तुमच्या दारातून झाली, बाबा. दादा तेव्हा विशीचा होता. मित्राच्या वरातीत पोरांनी पाजली आणि हा प्याला. पहिल्यांदाच. दिवेलागणीला घरी आला, जरा लालसर तोंड, जरा जास्त हसणारा, आणि आईला म्हणाला भूक लागली. तुम्ही उठलात, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन वास घेतलात, आणि त्याला खांद्याला धरून बाहेर काढून आतून कडी घातलीत. "माया घरात पेनारा राहत नाही. लोक मले काय म्हनतीन?" हेच शब्द होते तुमचे. लोक. ज्या लोकांना तुम्ही खांद्यावर घालून घरी आणायचात, त्याच लोकांच्या भीतीनं तुम्ही घरचं पोर उपाशी हाकललंत. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथं तर दिव्यानंच अंधार केला. तो मावशीकडे राहिला, मग वस्तीच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली, लग्न केलं, तुम्ही गेला नाहीत. त्याची हजेरी घ्यायला कोणत्याही दारात कधी उभे राहिला नाहीत. त्या दिवसापर्यंत तो पिणारा नव्हता. पुढं झाला, मन लावून झाला.

दुसरं गाव फाट्यापासून आत. तुम्हाला ते आवडलं असतं. तिथल्या बायांनी मतदान घेऊन आडवी बाटली निवडून आणली आणि दुकान बंद पाडलं. आता पिणारे पुढच्या फाट्यावर जातात, एवढाच फरक. विहाराजवळच्या निंबाखाली एक म्हातारा बसला होता. त्यानं मला चालीवरून ओळखलं. "गुरजीची पोरगी व्हय ना तू? छत्रीखाली उभी राहे ती?" त्यानं रांजणातलं गार पाणी दिलं आणि सुरू झाला. गुरुजींनी मला कसं भट्टीतून उठवून आणलं, गुरुजी होते म्हणून लेकरं शिकली, एक पोरगा तलाठी झाला, गुरुजींसारखा माणूस होणे नाही. मी ऐकत होते, ऐकत होते, आणि मग माझा तोल सुटला. म्हटलं, "तुमाले आनलं ना त्याईनं? मंग सोताच्या पोराले काऊन नाई आनलं? तुमचं लेकरू तलाठी झालं. त्याईचं लेकरू आज सोताच्या पोरीची हळद सोडून कुठं पडलं, ते मी गावोगाव इचारत फिरून राह्यली."

म्हातारा रांजणावरचं झाकण नीट करत बसला. मला वाईट वाटायला लागलं, बिचाऱ्याचा काय दोष. मग तो हळूच म्हणाला, "म्या म्हनलं होतं गुरजीले. तुमी नका जाऊ, म्या घिऊन येतो त्याले. त्याईनं मले सांगतलं, मायासमोर ते नाव काढू नोको." त्यानं डोळे पुसले आणि पुढच्या फाट्याकडे बोट केलं. "रोडवर बार हाय, तथी बसते तो. जाय माय, ऊन लय हाय, सावलीनं जाय." सावली कुठली, नांगरलेल्या वावरांमधला उघडा रस्ता. मी चालत राहिले. म्हणजे लोकांनी तुम्हाला वाट काढून दिली होती, बाबा. तुम्हाला जायचीही गरज नव्हती. नुसती मान हलवायची होती.

बार म्हणजे पत्र्याची शेड, वर मोठी पाटी, आत भर दुपारी अंधार आणि कूलरचा घरघराट. मी दारात उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडलं, तर दादाचं पूर्ण नाव घ्यायचं म्हणजे मध्ये तुमचं नाव येणार. ते काही माझ्या तोंडून निघेना. मी सरळ आत गेले. दादा कोपऱ्यात होता, समोर ग्लास, शेंगदाण्याची बशी, खुर्चीला नव्या शर्टाची पिशवी टांगलेली. लग्नात घालायचा पांढरा शर्ट तो सोबत घेऊन फिरत होता. मला पाहून आधी घाबरला, मग चिडला. "तू काऊन आली वं इथं?"

मी समोरची खुर्ची ओढून बसले. म्हटलं, पोरगी थांबली आहे. तुझ्याशिवाय मंडपात जात नाही म्हणते. तो मान हलवायला लागला. "नाई जमत मले. मंडपात बाबाचा फोटो लावला त्याईनं, एवढा मोठा, हार घालून. त्याच्याखाली मी उभा राहू? लोक म्हनतीन गुरजीचा पोरगा पिऊन आला." पुन्हा लोक. तुमचाच शब्द त्याच्या तोंडात. मी समजावलं, ओरडले, हात जोडले. तो ढिम्म. मग ग्लासाकडे पाहत म्हणाला, "एक इचारू? खरं सांगशीन? दवाखान्यात बाबाचे शेवटले दिवस होते, मी खाली कडुनिंबाखाली बसून राहो. त्याले माहीत होतं का?"

मी म्हणाले, हो.

"मंग? काई म्हनला का?"

आणि मी म्हणाले, "बोलावलं होतं तुले. म्हनले, त्याले वर आन. जेवला का इचार."

दादाचं तोंड असं झालं, की मला बघवेना. बाहीनं तोंड पुसून म्हणाला, "मंग तू आली काऊन नाई सांगाले?"

"आली होती. तू तथी नव्हता."

तो आठवत बसला. खरंच आठवत बसला. मग हळूहळू मान डोलवली. "हाव. एकडाव गेटाबाहेर चहाले गेलतो मी. तवाच आली असशीन तू." आणि हसला, रडता रडता हसला. "एवढी दारू पेलो जिंदगीत, न् नडला चहा." ग्लास तसाच ठेवून तो उठला, शर्टाची पिशवी घेतली. येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. तोंडाला वास येत होता. मी खिडकी उघडली नाही.

खरं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, बाबा, आणि मला. मी तुम्हाला सांगितलं होतं, दादा खाली बसलाय. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, तेव्हा म्हणालात, "खिडकी लाव, ऊन येते." त्या बाजूला ऊन येतच नव्हतं. त्या खिडकीतून फक्त कडुनिंब दिसत होता. मी खिडकी लावली.

काल दादा मंडपात आला. थोडी घेऊनच आला, पण आला, पांढऱ्या शर्टात, पोरीचा हात धरून. तुमच्या फोटोखाली उभा राहून व्याह्यांना, पाहुण्यांना, आचाऱ्यालासुद्धा सांगत होता की माझ्या बापानं शेवटी मला बोलावलं होतं, माझंच नशीब खोटं. ऐकणारे माना डोलवत होते, गुरुजी तसेच होते म्हणत होते. संताप संताप झाला माझा. परवा दिवसभर तुमच्या नावानं बोटं मोडत फिरले, आणि शेवटी तुम्हालाच आणखी मोठं करून बसले. मंगल परिणयाआधी सगळ्यांनी पंचशील म्हटलं. आम्ही दोघं शेजारी उभे होतो. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही हे, तेव्हा मी गप्प राहिले. पाचव्याला, दारू-नशेच्या, दादा गप्प राहिला.

हा कागद मी घरात ठेवणार नाही, दादाच्या हाती लागला तर सगळंच गेलं. आज स्वयंपाक झाला की चुलीत घालीन. पण त्याआधी तुम्हाला एक सांगते. बारमध्ये दादाला ते वाक्य सांगताना मला शब्द शोधावे लागले नाहीत. त्या दिवशी खिडकीपाशी, कडीवर हात ठेवून, मी तुमच्या तोंडून तेच ऐकायला उभी होते.