थंड हवेचं घर

३ मार्च २०१३

आलो एकदाचे स्वतःच्या घरात! मांजरी गावातल्या उसाच्या शेताला लागून, गच्चीवर सोलरच्या काळ्या पाट्या, भिंतींना ओल्या मातीचा वास. सकाळी आईंनी बुद्धवंदना घेतली. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुंदराबाई. नागपूरची शाळेतली नोकरी संपवून आता कायमच्या आमच्याकडे आल्या आहेत. पूर्वाने सगळ्यांना खीर वाटली आणि निम्मी नव्या फरशीवर सांडली. पहिलीतल्या मुलीकडून आणखी काय अपेक्षा करणार? कुणीही रागावलं नाही.

पुण्यात भाड्याचं घर बघायला गेलं की दारातच गोड प्रश्न यायचा : आपण मूळचे कुठले, आणि आडनाव? आडनाव कळलं की फ्लॅट नेमका कालच गेलेला असायचा. शेवटी माझा नवरा धम्मदीप वैतागून म्हणाला, आता असं घर बांधू की हीच माणसं बघायला येतील. त्यासाठी त्याला पर्यावरणपूरक घराचं ग्रीन रेटिंग हवंय, तेही सगळ्यात वरचं.

भिंतींच्या विटा इथल्याच मातीच्या, दाबून केलेल्या. एसी नाही. मागच्या अंगणात लोखंडी झाकणाचा खोल, कोरडा हौद आहे. तिथून पंख्याने ओढलेली हवा जमिनीखालच्या पाइपांतून फिरते, गार होते आणि प्रत्येक खोलीत फरशीलगतच्या जाळीतून वर येते. पाइप पुरताना जमीन अगदी भुसभुशीत लागली म्हणे. आमचा आर्किटेक्ट श्यामसुंदर याला नशीब म्हणतो.

११ एप्रिल

रस्त्यावरचं डांबर चिकटतंय. हडपसरच्या ऑफिसातून रिक्षाने भाजून निघत घरी येते, दार उघडते आणि अंगावर शहारा येतो. धम्मदीप हिंजवडीहून कंपनीच्या बसने येतो, तो तर बूटही न काढता जाळीपुढे बसतो.

आज आमच्या जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई घर बघायला आल्या होत्या. जाळीपुढे छान पाय पसरून बसल्या. दोनदा म्हणाल्या, अगदी महाबळेश्वर हो! चहा मात्र त्यांचा नुकताच झाला होता.

रेटिंगवाल्यांनी तापमान मोजायची यंत्रं लावली आहेत. उन्हाळाभर खिडक्या उघडायच्या नाहीत, आकडे बिघडतात.

२ मे

पूर्वाला सुट्टी लागली आहे. बाहुल्या घेऊन दिवसभर जाळीपाशी बसते. आज जेवायला हाक मारली तर म्हणाली, "थांब की. ती बोलतिया."

मी हसले. दूधवाल्या चंद्रभागाबाईंकडून उचललं असणार. कोण बोलतंय म्हणून विचारलं.

"खालची. तिला वर यायचं हाय."

इंग्रजी शाळेत एवढी फी भरून हे मराठी! धम्मदीपला सांगितलं, तोही हसला.

९ मे

आईंचा खोकला वाढलाय. दम्याचा जुना त्रास, पण नागपूरच्या उन्हाळ्यातही असा नव्हता. दुपारी कामावरून लवकर आले तर त्या फरशीवर उकिडव्या बसून जाळीत बोलत होत्या. "काहून रडतेस वं बाई?"

मला बघून जराही ओशाळल्या नाहीत. आईंनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या घरात अंगारा नाही, लिंबू नाही, भूतखेत तर नाहीच. तेच त्यांना म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कुठं भूत म्हटलं? बाई आहे. तिला श्वास घ्यायचा आहे."

श्यामसुंदरला फोन केला. पाइपात हवा घुमते, त्याचे भास होतात, असं त्याने समजावलं. वर, वयस्कर माणसांना नव्या तंत्रज्ञानाची सवय व्हायला वेळ लागतो, असंही. वयस्कर माणसं. मी पस्तिशीची आहे आणि मलाही ऐकू येतंय, हे त्याला सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

१५ मे

पूर्वाचा चित्रकलेचा कागद उडून जाळीला चिकटला. काढला, पुन्हा चिकटला.

हवा येत नाहीये. जातेय. खोलीतून खाली.

धम्मदीपने पंखा उलटा फिरत असेल म्हणून वीज बंद केली. कागद तसाच चिकटलेला. त्याने तो काढून चोळामोळा केला आणि खिशात घातला. मी खिडकी उघडायला गेले तर माझा हात धरला. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, तोवर दम धर, म्हणाला.

दम आईंना लागलाय. धरायचा मी.

१७ मे

चंद्रभागाबाई दूध घालायला आल्या. रोज फाटकातच थांबतात. आत या म्हटलं की मान हलवतात. ही जमीन त्यांच्या दिराची, गेनबाची. त्याच्याकडूनच आम्ही घेतली. आज मी फाटकात आडवी उभी राहिले. मागच्या अंगणात काय होतं, ते विचारलं.

"हीर हुती."

विहीर बुजवल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं त्यांनी दुधाचं माप धरून, माझ्याकडे न बघता सांगितलं. गेनबाची विधवा सून कौशल्या. जमिनीत तिचा वाटा होता आणि विकायला ती सही देईना. एके दिवशी विहिरीत पडली, की पाडली, ते कुणी बघितलं नाही. पाणी आटलेलं, नुसता गाळ. तिथून हाका मारत होती. गावात सांगितलं, माहेरी गेली. गेनबाने जेसीबी आणून विहीर बुजवली.

मी विचारलं, "आवाज थांबल्यावर बुजवली ना?"

चंद्रभागाबाईंनी किटलीचं झाकण लावलं. "थांबावा म्हणूनच की."

त्याच भुसभुशीत मातीतून आमचे पाइप गेलेत. तीच माती दाबून आमच्या भिंती उभ्या आहेत.

१८ मे

धम्मदीपला सगळं सांगितलं. पोलिसांत जाऊ म्हटलं तर म्हणाला, ते घर खणतील, सील करतील. मग कुठे जायचं? पुन्हा त्याच जिन्यांवर उभं राहून आडनाव सांगायचं?

त्याचं खोटं नव्हतं. म्हणूनच राग आला. तपासणी होऊ दे, मग बघू, म्हणाला. आणि मी हो म्हटलं. मीसुद्धा.

२४ मे

आई गेल्या. दुपारी.

जाळीपाशी सापडल्या. तोंड जाळीला लावलेलं, आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखं. दोघांनी मिळून सोडवलं. डॉक्टरांनी दमा लिहिलं.

पूर्वा रडली नाही. आजीने खालच्या बाईला आपला श्वास दिला, म्हणाली. पण तो पुरला नाही.

३१ मे

रेटिंग मिळालं. सगळ्यात वरचं. दारात पितळी पाटी लावून फोटो काढले. श्यामसुंदर पेढे घेऊन आला. हे घर स्वतः श्वास घेतं, असं तो पाहुण्यांना सांगत होता. माणसं टाळ्या वाजवत होती. आईंना जाऊन आठवडा झालेला.

मी पाटीकडे बघून थुंकले. कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी चाललं असतं.

६ जून

जाळ्यांवर फळ्या ठोकल्या. आता भिंतीच ओढतात. हात टेकला तर सुटत नाही, कातडी —

मेणबत्ती लावली की ज्योत भिंतीकडे वाकते.

पूर्वाला घेऊन नागपूरला जाते म्हटलं. धम्मदीप ऐकत नव्हता. भिंतीला कान लावून बसला होता. आई हाक मारतेय, म्हणाला.

१५ जून

उद्या सकाळची गाडी. बॅगा भरल्या.

धम्मदीप कामावर जात नाही. कुदळ घेऊन हौदात उतरतो, पाइपाच्या बाजूने खणतो. दोघी तिथेच आहेत म्हणतो. आई आणि ती. वर काढायचं आहे. पोलिसांना सांग म्हटलं तर हसला. आत्ता? असं म्हणाला.

फाटकाबाहेर गेनबा उभा होता. काय खणताय, म्हणून विचारत होता. मी सांगितलं, तुमची सून. त्याचा चेहरा बघायला हवा होता.

१६ जून

सकाळी हाका मारल्या. धम्मदीप वर आला नाही. हौदात उतारासारखं भोक, पुढे अंधार. कुदळ पडलेली.

फोन केले. पोलीस येतो म्हणाले.

बॅगा दारात ठेवून पूर्वाला बोलवायला गेले. पूर्वा खोलीत नाही. हौदाच्या कडेला तिचे सँडल. नीट जोडीने काढून ठेवलेले, घरात शिरताना काढतात तसे.

खालून तिचा आवाज येतोय. आई म्हणतेय. मलाच म्हणतेय. बाकीचेही आहेत, पण तिचा ओळखू येतो —

रस्त्यावर जेसीबी. गेनबा पुढे चालतोय. खड्डा धोक्याचा आहे, बुजवतो, असं ओरडून सांगतोय. मी हौदासमोर उभी राहिले तर थांबला. पण गेला नाही. मी कधी हलते याची वाट बघतोय.

पूर्वाचा आवाज बारीक होत चाललाय. पोलीस अजून नाहीत. उतरते. वही कठड्यावर ठेवते आहे, आधी जो कुणी येईल त्याने वाचा. बुजवू देऊ नका. आम्ही खाली आहोत. आवाज आला नाही तरी आम्ही खाली —

इंजिन सुरू केलं जेसीबीवाल्याने. अहो, थांबा, माझी मुलगी